एकच टर्म, पंधरा महिने : नवव्या लोकसभेतले कोकणातले प्राध्यापक खासदार (प्रकरण अभ्यास)

शिक्षक राजकारणात गेला की आपल्याकडे लोकं दोनच गोष्टी बोलतात. एक म्हणजे "चांगला माणूस होता, पण राजकारण त्याचं काम नव्हे", आणि दुसरं, जर तो एकदाच निवडून आला असेल तर, "एका टर्मात काय केलं त्यांनी?" हा दुसरा प्रश्न मला कायम अर्धवट वाटत आलाय. म्हणून कोकण किनाऱ्यावरचं एक खरं उदाहरण घेऊन तो नीट तपासायचा प्रयत्न करतोय. जरा लांबेल, पण विषयच तसा आहे.

परिस्थिती अशी. नोव्हेंबर १९८९ मध्ये लोकसभेची निवडणूक झाली आणि कोकणपट्टीवरून तीन प्राध्यापक एकाच वेळी दिल्लीत गेले. ठाण्यातून भाजपचे प्रा. राम कापसे. राजापुरातून जनता दलाचे प्रा. मधु दंडवते. आणि तेरेखोल नदी ओलांडून पलीकडे पणजीतून, म्हणजे उत्तर गोव्यातून, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे (मगोप) प्रा. गोपाळराव मयेकर. तीन पक्ष, तीन स्वभाव, पण तिघंही वर्गात उभं राहून शिकवलेली माणसं. त्यातले राजापूर आणि पणजी हे मतदारसंघ तर एकमेकांना चिकटून, सावंतवाडी-दोडामार्गाकडून उतरलं की समोर पेडणे-डिचोली. हद्दीच्या दोन्ही बाजूंना प्राध्यापक खासदार, असं परत झाल्याचं मला तरी आठवत नाही.

आणि १९९१ च्या निवडणुकीनंतर या दोन्ही शेजारच्या जागांवर काँग्रेस आली. राजापुरात लष्करातून राजकारणात आलेले सुधीर सावंत, पणजीत हरीश झांट्ये. कापसे तेवढे ठाण्यातून परत निवडून आले. मयेकरांच्या नावापुढे लोकसभेची एकच टर्म राहिली आणि दंडवत्यांची सलग वीस वर्षं तिथे संपली.

आधी मयेकरांचं बघू, कारण मूळ प्रश्न एका टर्मचा आहे.

मराठीचा अभ्यासू माणूस, ज्ञानेश्वरीवर तासन्‌तास बोलणारा, साहित्यिक. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गोव्याचे शिक्षणमंत्रीही होते, म्हणजे राजकारणात अगदीच नवखे नव्हते. पण दिल्लीत ते गेले तेव्हा मगोपचे अख्ख्या लोकसभेत एकटेच खासदार. हा मुद्दा लोकं विचारातच घेत नाहीत. सभागृहात बोलायला वेळ मिळतो तो पक्षाच्या संख्याबळावर, मोठ्या पक्षाला तास मिळतात आणि एकट्या सदस्याला मिनिटं, तीही बहुतेक वेळा चर्चेच्या शेवटी शेवटी जेव्हा अर्धं सभागृह रिकामं झालेलं असतं. प्रश्नोत्तराच्या तासाला तोंडी उत्तराचा प्रश्न लागायचा तर त्याला बॅलटमध्ये, म्हणजे चिठ्ठ्यांच्या सोडतीत, नाव यावं लागतं. खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेलं विधेयक, आणायचं तर शुक्रवारी दुपारचे अडीच तास, त्यातही पुन्हा चिठ्ठी. स्वातंत्र्यानंतर आजवर खासगी सदस्यांची जेमतेम १४ विधेयकं कायदा झाली आणि त्यातलं शेवटचं १९७० सालचं. म्हणजे मयेकर दिल्लीत पोचले तेव्हा हा रस्ता बंद होऊनच वीस वर्षं होत आलेली.

दुसरं म्हणजे टर्म म्हणतो आपण, पण ती पाच वर्षांची होती का? नववी लोकसभा २ डिसेंबर १९८९ ला अस्तित्वात आली आणि १३ मार्च १९९१ ला विसर्जित झाली. पंधरा महिने. आणि ते पंधरा महिने कसले होते ते आठवा. ऑगस्ट १९९० मध्ये मंडल, सप्टेंबरपासून रथयात्रा, ७ नोव्हेंबरला व्ही. पी. सिंगांचं सरकार विश्वासमतावर पडलं, मग जनता दल फुटून चंद्रशेखर आले, आणि मार्चमध्ये त्यांनीही राजीनामा दिला. १९९१ चा पूर्ण अर्थसंकल्पसुद्धा त्या लोकसभेत मांडला गेला नाही, लेखानुदानावर, म्हणजे काही महिन्यांच्या खर्चाच्या तात्पुरत्या मंजुरीवर, भागवलं. खाली गोव्यात तर त्याहून वाईट, मार्च १९९० ला प्रतापसिंह राणे यांचं सरकार पडलं, मग चर्चिल आलेमाव काही दिवस मुख्यमंत्री, मग बार्बोझा, डिसेंबरात राष्ट्रपती राजवट. मगोप स्वतः या सगळ्या उलथापालथीच्या मधोमध. अशा वेळी पक्षाच्या एकट्या खासदाराने दिल्लीत मतदारसंघाचं कुठलं काम कोणाकडे पाठपुरावा करून पुढे न्यायचं? आज ज्या मंत्र्याला भेटलो तो चार महिन्यांनी त्या खुर्चीत असेल याचीच खात्री नाही.

तिसरी गोष्ट तर सगळ्यात महत्त्वाची आणि तीच सगळ्यात जास्त विसरली जाते. आज आपण खासदाराला विचारतो की आमच्या वाडीचा रस्ता, स्मशानशेड, हायमास्ट, शाळेची खोली, यातलं काय दिलंत. हे विचारतो कारण खासदाराला निधी असतो. पण खासदार स्थानिक विकास निधी सुरू झाला डिसेंबर १९९३ मध्ये. सुरुवातीला पाच लाख, मग वर्षाला एक कोटी, मग दोन, आणि २०११ पासून पाच कोटी. मयेकर खासदार होते तेव्हा हा प्रकारच अस्तित्वात नव्हता. त्यांच्या नावाची फरशी कुठे बसलेली नाही याचं कारण तेव्हा खासदाराच्या नावाची फरशी बसायचीच नाही. १९८९ च्या खासदाराला आजच्या फूटपट्टीने मोजणं हे मला खरंच अन्यायाचं वाटतं, आणि चौकात गप्पा मारताना आपण नेमकं तेच करतो.

म्हणजे एका टर्मात काहीच होत नाही का? तर तसंही नाही, आणि त्याचं उदाहरण दंडवत्यांच्या घरातच आहे. सरांच्या पत्नी प्रमिला दंडवते १९८० ते ८४ उत्तर-मध्य मुंबईतून लोकसभेत होत्या. त्यांचीही एकच टर्म, तीसुद्धा विरोधी बाकावर. १९६१ चा हुंडाबंदी कायदा कागदावर होता पण त्यात शिक्षा होण्यासारखं फार काही नव्हतं, दिल्ली-मुंबईत सुना जळत होत्या आणि केस उभीच राहत नव्हती. बाईंनी १९८० मध्ये दुरुस्तीचं खासगी विधेयक आणलं. ते जसंच्या तसं पास झालं नाही, होणारही नव्हतं. पण विषय संसदेच्या संयुक्त समितीकडे गेला, समितीने देशभर फिरून साक्षी घेतल्या, आणि सरकारला १९८४ मध्ये स्वतःचं दुरुस्ती विधेयक आणावं लागलं. पुढे १९८६ च्या दुरुस्तीत हुंडाबळी हा वेगळा गुन्हा म्हणून दंडविधानात आला, तेव्हा त्या सभागृहात नव्हत्या. त्याआधीही राजापूरचेच बॅ. नाथ पै यांच्या बाबतीत असंच झालेलं. सुप्रीम कोर्टाच्या गोलकनाथ निकालानंतर घटनादुरुस्तीचा संसदेचा अधिकार परत मिळावा म्हणून त्यांनी १९६७ मध्ये खासगी विधेयक आणलं, ते रखडलं, जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै वारले, आणि त्याच वर्षी चोविसाव्या घटनादुरुस्तीने संसदेला तो अधिकार परत मिळाला.

तर काम काम म्हणताना ते कोणत्या प्रकारचं काम आहे हे बघायला लागतं. कायद्यातला विचार एका टर्मात पेरता येतो, मग तो दुसरा कोणी कापो. पण रेल्वे एका टर्मात होत नाही. आणि इथे दंडवते सरांचं प्रकरण सविस्तर सांगितल्याशिवाय हा अभ्यास पुराच होत नाही.

सर मूळचे नगरचे, नोकरी मुंबईत सिद्धार्थ कॉलेजला, विषय भौतिकशास्त्र. ४२ च्या चळवळीतले, १९५५ च्या गोवा सत्याग्रहातले. १९७० ला विधान परिषदेत गेले, म्हणजे शिक्षक माणसं साधारण ज्या दाराने राजकारणात शिरतात तेच दार. तिथे वर्षभर होत नाही तोवर नाथ पै गेले आणि मार्च १९७१ च्या मध्यावधीला राजापुरात उभं राहायची वेळ आली. ते साल इंदिरा लाटेचं. प्रजासमाजवादी पक्षाचे अख्ख्या देशातून दोनच खासदार निवडून आले, राजापुरातून दंडवते आणि बंगालात कांथीहून समर गुहा. आणि गंमत बघा, गुहाही प्राध्यापक, रसायनशास्त्राचे.

बाहेरचा माणूस, ना इथली जात ना इथली भाषा, मालवणी येत नाही, तरी कोकणाने पाच वेळा निवडून दिला. १९८४ ला इंदिराजींच्या हत्येनंतर महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसने घेतल्या तेव्हासुद्धा राजापूर त्या उरलेल्या पाचांत होतं. का? एक तर नाथ पैंचा वारसा, राष्ट्र सेवादल आणि समाजवादी कार्यकर्त्यांचं गावोगाव असलेलं जाळं, आणि मुंबईतला चाकरमानी, जो गिरणीतून, युनियनमधून, चाळीतून याच लोकांना ओळखायचा आणि निवडणुकीला गावी पत्र टाकायचा. पण माझ्या मते त्याहून मोठं कारण म्हणजे सर शिकवायचे. सभेत आकडे सांगायचे आणि ते आकडे लोकांना कळायचे. आमच्याकडे लोकं चिकित्सक आहेत, भजनाला बसलेला बुवा चुकला तर तिथेच सांगतील, अशा लोकांना समोरचा आपल्याला येडं समजून बोलत नाहीये हे लगेच समजतं.

आणीबाणीत ते २६ जून १९७५ ला बंगळुरात पकडले गेले, संसदीय समितीच्या कामासाठी गेलेले, सोबत वाजपेयी, अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र. प्रमिलाताई येरवड्यात. नवरा एका राज्यातल्या तुरुंगात, बायको दुसऱ्या, संसार पत्रांवर. १९७७ ला सुटले, निवडून आले आणि थेट रेल्वेमंत्री.

इथे एक छोटी गोष्ट मला मुद्दाम सांगायचीय. तेव्हा सेकंड क्लास स्लीपरचा बर्थ म्हणजे नुसतं लाकूड. पट्ट्यापट्ट्यांची फळी, रात्रभर झोपलं की सकाळी पाठीवर त्या पट्ट्यांचे वळ. कोणाला त्यात चूक आहे असंही वाटायचं नाही, गादी हवी तर फर्स्ट क्लासचं तिकीट काढा, असाच हिशोब. दंडवत्यांनी त्या फळीवर दोन इंच फोम घातला. दोनच इंच. डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई-हावडा गीतांजली सुरू केली ती बिनफर्स्टक्लासची गाडी. म्हणजे मंत्री झाल्यावर श्रीमंतांच्या डब्याची सोय वाढवण्याऐवजी जिथे बहुसंख्य लोकं बसतात तिथे पैसे घातले. आज देशात कुठल्याही स्लीपर डब्यात बसा, तुमच्या पाठीखाली गादी आहे. ७४ च्या संपात काढून टाकलेल्या रेल्वे कामगारांना परत घेणं हेही त्यांच्याच काळातलं.

पण मतदारसंघाला हवी होती गाडी. आमच्याकडे तेव्हा प्रवास म्हणजे एसटी, रात्रभर घाटवळणं, निम्मी गाडी उलटीने हैराण. त्याआधी बोट होती, पण बोटीचं म्हणजे ती धक्क्याला लागायचीच नाही बऱ्याच बंदरांत, लांब खोल पाण्यात उभी राहायची आणि होडीतून पोरंबाळं, ट्रंका, कोंबड्या सगळं हेलकावत वर चढवायचं. पावसाळ्यात तेही बंद. म्हातारी माणसं विचारायची, "रेल्वे येतली काय रे आमच्या हयातीत?"

रेल्वेचा वेग बघा. पनवेलपर्यंत रूळ आले १९६४ ला. आपट्यापर्यंत १९६६. आपट्यापासून रोह्यापर्यंत साधारण साठ किलोमीटर, त्याला दंडवत्यांनी मंत्री असताना मंजुरी मिळवून दिली आणि गाडी पोचली १९८६ ला. साठ किलोमीटर पुढे सरकायला वीस वर्षं! कारण सरळ होतं, रेल्वे बजेटमधून दरवर्षी थोडे थोडे पैसे सुटायचे आणि देशभरातले पन्नास प्रकल्प त्याच थाळीवर बसलेले. या हिशोबाने मंगळूर गाठायला अडीचशेक वर्षं गेली असती.

आता १९८९-९० ची गोष्ट. दंडवते अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, नियोजन आयोगात रामकृष्ण हेगडे. एक राजापूरचा खासदार, एक मूळ मंगळूरचा, एक कारवार जिल्ह्यातला, म्हणजे मार्गाची तीन टोकं एकदम सत्तेत आलेली, आणि सरकार किती टिकेल याचा भरवसा नाही. तेव्हा बजेटच्या थाळीवर न बसता वेगळी कंपनी काढायची ठरली. १९ जुलै १९९० ला कोकण रेल्वे कॉर्पोरेशन. भांडवलात रेल्वे ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६, आणि बाकीचे पैसे करमुक्त रोखे काढून बाजारातून उभे करायचे. या रोख्यांना करसवलत द्यायची तर अर्थमंत्रालयाची मान्यता लागते, आणि तिथे कोण बसलेलं ते आत्ताच सांगितलं. ई. श्रीधरन प्रमुख. १५ सप्टेंबर १९९० ला रोह्याला पायाभरणी. आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत सरकार पडलं! पण कंपनी झालेली होती, ती थांबली नाही. रोहा ते मंगळूर सातशे चाळीस किलोमीटरच्या आसपास, ९० च्या वर बोगदे, करबुड्याचा तर साडेसहा किलोमीटरचा, आणि २६ जानेवारी १९९८ ला सलग गाड्या सुरू.

म्हणून मला वाटतं की ती पंधरा महिन्यांची लोकसभा कोकणासाठी वाया गेली असं कोणी म्हणू नये. पण ते झालं कारण अर्थमंत्र्याच्या पाठीशी आधीची अठरा-एकोणीस वर्षं होती. फाईल कुठे अडते, कोण अडवतं, बजेटमध्ये का बसत नाही, हे विरोधी बाकावर आणि रेल्वे भवनात बसून पाठ झालेलं होतं. हेच पंधरा महिने शेजारच्या मतदारसंघातल्या दुसऱ्या प्राध्यापकालाही मिळाले, पण त्यांच्याकडे ना मंत्रिपद, ना पक्ष, ना आधीची वर्षं. हुशारी कमी होती म्हणून काही कमी झालं नाही.

मग रेल्वे आणणारा माणूस पुढच्याच निवडणुकीत पडला कसा? हे आमच्याकडे अजून बोललं जातं आणि कृतघ्नपणा वगैरे शब्द वापरले जातात. मला ते पटत नाही. १९९१ ला रूळ कुठेच दिसत नव्हते, दिसत होती ती जमिनीची मोजणी, खुणेचे दगड, आणि कलमांच्या बागेतून रेषा जाणार ही भीती. जनता दल फुटलेला. निवडणूक अर्ध्यावर असताना २१ मे ला राजीव गांधींची हत्या झाली. आणि खाली जमीनच बदललेली, ८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईतला तो चाकरमानी विखुरला, युनियन संपल्या, त्याची पोरं शिवसेनेच्या शाखेत जाऊ लागली, १९९० ला मालवणात नारायण राणे शिवसेनेचे आमदार झाले. गावी पत्र टाकणारा माणूसच उरला नाही. समाजवाद्यांनी ती पोरं कधी ओढून घेतली नाहीत, कार्यकर्ते म्हातारे होत गेले, याची जबाबदारी सरांवरही येते असं मी म्हणेन. शिक्षकाने मतदारसंघ शिकवला, पण पुढची फळी घडवली नाही. हा माझा त्यांच्याबद्दलचा एकच मोठा आक्षेप आहे. मयेकरांच्या बाजूलाही तेच, मगोप फुटत गेला आणि ती जागा पक्षाच्या हातून गेली.

आता शेवटचा भाग, जो दोन्ही मतदारसंघांच्या हद्दीवरच घडला. मडुऱ्याच्या पुढे रूळ गोव्यात शिरतात आणि पेडण्याचा बोगदा लागतो. तिथे कातळ नाही, मऊ चिकणमाती आहे, पाणी लागलं की नुसता चिखल होऊन छत खाली येतं. खणलं की ढासळायचं, परत खणायचं. कामगार मेले तिथे. बाकी सगळा मार्ग तयार होत आला तरी पेडणे होईना, आणि सलग गाडी जी १९९८ पर्यंत लांबली त्याचं मोठं कारण हाच बोगदा. त्याच्या आधी १९९२-९३ ला गोव्यात मार्गाविरुद्ध मोठं आंदोलन झालं, खाजन (खाडीकाठची, बांध घातलेली) शेतं बुडतील, जुन्या गोव्याच्या चर्चजवळून गाडी नको, मार्ग आतून डोंगराकडून न्या. केंद्राने काम थांबवलं, ओझा आयोग नेमला, आणि शेवटी किनाऱ्याकडचाच मार्ग कायम राहिला. त्या वादात शेतकऱ्याचे काही प्रश्न अगदी खरे होते, पाण्याचा निचरा, बांध, मोऱ्या किती आणि कुठे, आणि काही नुसत्या अफवा. दोन्ही वेगळं करून लोकांसमोर मांडणारा, रेल्वेवाल्यांनाही सुनावणारा आणि गावकऱ्यांनाही समजावणारा माणूस लागत होता. फळ्यासमोर उभं राहून आयुष्य काढलेले दोन खासदार दोन वर्षांपूर्वीपर्यंत हद्दीच्या दोन्ही बाजूंना होते. आंदोलन पेटलं तेव्हा दोघंही सभागृहाबाहेर होते. १९९६ ला दंडवते परत दिल्लीत गेले ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष म्हणून, आणि पहिली सलग गाडी गेली तेव्हाही ते तिथेच होते. पण तोवर राजापुरात सुधीर सावंतांचीही एक टर्म होऊन गेलेली, आणि १९९६ पासून तिथे शिवसेनेचे सुरेश प्रभू होते, जे पुढे १३ वर्षं राहिले आणि २०१४ ला रेल्वेमंत्री झाले.